बिनखळीचं घोंगडं

श्रीमंत माणसाला आभाळात गाढ झोप लागावी, एवढ्यासाठी मला दरमहा पगार मिळतो. गावाकडं कुणी विचारलं की मी सांगते, विमानाचं काम करते. ऐकणारा लगेच विचारतो, तिकीट जरा स्वस्तात मिळेल का. माझी विमानं तिकिटाची नसतात. ती एकाच शेठची असतात, फार तर त्याच्या कुत्र्याची. दहा-बारा माणसांपुरती जागा, पण त्यात सोफा, जेवायचं टेबल, पलंग आणि एखाद्यात तर अंघोळीची मोरीसुद्धा. असं विमान एकदा उडालं की तेरा-चौदा तास कुठंही न टेकता अर्धी पृथ्वी ओलांडून जातं. आमची आटपाडीची एसटी साताऱ्याला पोचेपर्यंत विट्यात चहाला थांबते, कराडात जेवायला थांबते आणि ड्रायव्हरच्या मनात आलं तर मध्ये कुणाच्या तरी दारात पिशवी द्यायलाही थांबते.

साताऱ्याच्या बाहेर एका शेडमध्ये आमचा कारखाना आहे. माणसं पंचवीसेक. परदेशातली एक कंपनी अशा विमानांची आतली सजावट करते आणि तिला लागणारी भिंतीची पॅनलं आम्ही करून पाठवतो. पॅनलची पुढची बाजू म्हणजे चकचकीत लाकूड, मऊ चामडं, सगळा थाट. मागं, पॅनल आणि विमानाचा पत्रा यांच्या मधल्या फटीत, आवाज अडवणारं अस्तर असतं. ते अस्तर माझ्याकडं. पुढची बाजू करणाऱ्यांचे फोटो कंपनीच्या माहितीपत्रकात छापून येतात. माझ्या कामाचा फोटो काढायचा तर आधी भिंत फोडावी लागेल.

लोकांना वाटतं विमानात आवाज इंजिनाचा असतो. असल्या विमानांची इंजिनं शेपटाजवळ असतात, त्यांचा गोंगाट बराचसा मागंच राहतो. खरा छळ हवेचा. आवाजाच्या वेगाच्या जवळपास पळणाऱ्या पत्र्यावर हवा घासत जाते आणि आत एक जाड, एकसुरी घरघर सुरू होते. तासभर ती चालून जाते. चौदा तास ऐकली की शेठ उतरल्यावर पहिल्यांदा विमान बनवणाऱ्याला शिव्या देतो. म्हणून हल्ली या कंपन्यांची चढाओढ दोनच गोष्टींवर चालते: कुणाचं विमान जास्त लांब जातं आणि कुणाचं आतून जास्त शांत. तिसरी एक आहे, आतल्या हवेची. विमान चाळीस-पन्नास हजार फुटांवर असलं तरी आतला दाब मोठ्या हिकमतीनं खालच्या उंचीचा ठेवतात. साध्या प्रवासी विमानात आपण जवळजवळ आठ हजार फुटांवरची हवा घेतो आणि उतरताना डोकं धरतो. या शेठलोकांच्या विमानात पाचगणीची हवा असते, कधी त्याहून खालचीसुद्धा. आमचे साहेब मूळचे वाईचे. ते म्हणतात, पसरणीचा घाट न चढता पाचगणी मिळते, पैशाचा अर्थ आणखी वेगळा काय असतो.

लांब जाणं आणि शांत असणं यांचं मात्र एकमेकांशी पटत नाही. जाडजूड अस्तर घातलं की शांतता येते, पण वजन वाढतं. लांब पल्ल्याचं विमान उडतं तेव्हा त्याचं निम्म्याच्या आसपास वजन नुसत्या इंधनाचं असतं. आत एक किलो जास्त घातला की तो वाहायला इंधन जास्त, आणि ते जास्तीचं इंधन वाहायला आणखी इंधन. शेवटी विमान जिथं पोचायचं त्याच्या अलीकडं कुठंतरी उतरतं आणि शेठ पुन्हा शिव्या देतो.

हे गणित कॉलेजात शिकवलं तेव्हा वर्गातली पोरं डोकं खाजवत होती. मला नवं नव्हतं. आम्ही मेंढरंवाले. माझ्या लहानपणी दिवाळीनंतर आमचं अख्खं बिऱ्हाड मेंढरांबरोबर कोकणाकडं चालत जायचं आणि ते सगळं एका घोडीच्या पाठीवर असायचं. घोडी लादताना आई प्रत्येक जिनसेला विचारल्यासारखी हातात धरून बघायची. ज्याचे दोन उपयोग नाहीत ते घरी. झाकणी म्हणजे ताटसुद्धा. काठवट म्हणजे परातही. माझी बाहुली एकाच उपयोगाची निघाली म्हणून ती गोठ्यात राहिली, आणि त्याबद्दल मी आईला अजून माफ केलेलं नाही. पण जगात झोपायची सोय बरोबर घेऊन फिरणारे दोनच लोक, आम्ही आणि शेठ. आमच्यात आणि त्यांच्यात फरक इतकाच की आमची घोडी गाभण असली तर आम्ही ओझं कमी करायचो.

तर घोंगड्याची गोष्ट. कारखान्यात आम्ही एक मोठा लाकडी खोका बनवला आहे. एका बाजूला स्पीकर, त्यातून विमानातली घरघर सोडायची. मध्ये पॅनल आणि अस्तर. पलीकडं मायक्रोफोन. शेजारच्या शेडमधला लोखंडी कपाटं बनवणारा माणूस दिवसभर पत्रा ठोकतो, आणि तोच येऊन आमच्या आवाजाची तक्रार करतो. गेल्या थंडीत आठ दिवस मी वेगवेगळी अस्तरं घालून बघत होते. बाकी सगळे आवाज अडत होते, ती एक जाड घरघर काही अडेना. आठव्या दिवशी माझं डोकं फिरलं. खुर्चीवर माझं जुनं घोंगडं होतं, पायांवर घ्यायला आणलेलं. रागानं ते मी फटीत कोंबलं आणि स्पीकर चालू केला.

पलीकडं मीटरचा काटा खाली आला. मला आधी वाटलं वायर निघाली. वायर जागच्या जागी होती. आमच्या दख्खनी मेंढराची लोकर भरड, केसाळ, एक धागा जाड तर दुसरा बारीक. या कारणानं कुणी ती घेत नाही. हल्ली कातरलेली लोकर मेंढरंवाले बांधावर टाकून देतात. पण बहुधा त्या ओबडधोबडपणातच घरघर अडकत होती.

साहेब आले. चष्मा वर करून खोक्यात बघत म्हणाले, "हे काय घातलंत?"

"घोंगडं."

"कुठल्या कंपनीचं?"

"तात्यांच्या," मी म्हणाले.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्यात कुणी मेंढरं राखतं, कुणी घोंगडी विणतं. माझ्या वडिलांनी मेंढरं घेतली, तात्यांनी माग घेतला. आटपाडीकडच्या आमच्या गावात विणणारे आता ते एकटेच उरले होते. त्यांचा माग पडवीत. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा इकडून तिकडं फेकायचा. विट्याच्या रस्त्यावर ढिगानं गुबगुबीत ब्लँकेटं मिळायला लागल्यापासून गिऱ्हाईक आटलं. तात्या वर्षाला दोन-तीन घोंगडी विणायचे, तीही देवाला घालायला नाहीतर लग्नात द्यायला. माझ्या चुलतभावाला त्या जागी चारा कापायची कडबाकुट्टी बसवायची होती. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. दारात चार म्हशी, विजेचं बटण पडवीत, आणि बरोबर बटणाखाली तो खड्डा. "मान्साचा पाय मोडंल एक दिस त्यात," असं तो दर सणाला म्हणायचा. तात्या ऐकायचे नाहीत. पण गेल्या दिवाळीत त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं, "पाडव्यापत्तोर बगू. काम न्हाई आलं तर बुजवून टाक." पाडवा म्हणजे चैत्रातला.

मी शनिवारी एसटी धरली. तात्यांना सगळं समजावून सांगितलं. नव्या घोंगड्याचा नमुना करायचा, आमच्याकडं पास झाला तर परदेशी कंपनी एका विमानाच्या झोपायच्या खोलीपुरती अठरा घोंगडी घेईल, आणि ते पसंत पडलं तर पुढच्या विमानांची कामं. तात्यांनी शांतपणे तंबाखू मळली.

"इमानात घोंगडं पांगरत्यात व्हय?"

"पांघरायचं न्हाई तात्या. भितीच्या आत घालायचं."

"भितीत?"

"आवाज येऊ नये म्हणून."

"मग ह्ये शेट लोक बोलत न्हाईत का एकमेकास्नी?"

चुलतभाऊ हसला. पण तात्यांचा चेहरा उजळलेला मला दिसला आणि मी बोलू नये ते बोलून गेले. म्हणाले, "आता खड्डा बुजत न्हाई, तात्या. मी सांगते." नोकरीत मी आवाज मोजल्याशिवाय आकडा सांगत नाही. घरी गेल्यावर मात्र माझी अक्कल कुठं चरायला जाते ते कळत नाही.

पंधरा दिवसांनी घोंगडं आलं. असं देखणं घोंगडं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. काळंभोर, काठ सरळ रेघेत, हातात घेतलं की पत्र्यासारखं ताठ. मी ते साहेबांसमोर उलगडलं तेव्हा माझी मान त्याहून ताठ होती. मग ते काट्यावर टाकलं. माझ्या जुन्या घोंगड्यापेक्षा तेवढ्याच मापाला चांगलंच जड भरलं. मी म्हटलं, काटा बघा. काटा बरोबर होता. खोक्यात घातलं. घरघर अडण्याऐवजी ताठ कापड तिच्याबरोबर स्वतःच गुणगुणायला लागलं. तरी मी हटले नाही. म्हटलं, दमटाचं कपाट राहिलंय, ते बघू.

ते कपाट यासाठी की उंचावर पत्र्याबाहेर उणे पन्नासाच्या पुढची थंडी असते आणि आत माणसांचा श्वास. तो ओलावा पत्र्याला आतल्या बाजूनं धरतो आणि अस्तरात मुरतो. म्हणून प्रत्येक नमुना तीन दिवस दमट कपाटात ठेवून बघतात. तिसऱ्या दिवशी साहेबांनी दार उघडलं आणि दोन पावलं मागं आले.

"हा वास कसला?"

सगळ्यांनी नाक मुरडलं. मी पुढं होऊन हुंगलं. "कसला वास?" मी म्हणाले. मला खरंच वास आला नाही. म्हणजे आला, पण तो माझ्या घराचा होता. दहा वर्षांची होईपर्यंत मी त्याच वासात झोपले होते.

दुपारी जेवताना घास हातात राहिला, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. खळ. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची पेज करतात आणि घोंगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीत ताणून त्यावर कुंच्यानं ती खळ मारतात. त्याशिवाय हातानं कातलेला लोकरीचा धागा मागावर टिकत नाही. माझं जुनं घोंगडं दहा वर्षं धुतलेलं, वापरलेलं, त्यातली खळ कधीच निघून गेली होती. मापं घेतली ती त्याची. आणि तात्यांना मी रुंदी सांगितली, लांबी सांगितली, वजन सांगितलं, रंग लावायचा नाही हेसुद्धा सांगितलं. खळ लावू नका हे सांगायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. भाकरी थापायला सांगताना पीठ घ्या असं कुणी सांगत नाही. साताऱ्यातली दुसरी कुणीही पोरगी असती तर तिनं आधी विचारलं असतं की हे बनवतात कसं. मी त्यातलीच, म्हणून मी विचारलं नाही.

फोन केला. तात्या म्हणाले, "खळ लावली का म्हंजे? इमानात जायाचं म्हनून दोन हात जादा लावली. पैला नमुना, इज्जतीचा सवाल."

"धुऊन टाका की," साहेब म्हणाले. धुतलं. खळ अर्धी निघाली आणि घोंगडं वीतभर आखडून तिरकं झालं. दहा वर्षांचं काम एका दुपारी होत नाही हे मला ठाऊक होतं, तरी साहेबांच्या समाधानासाठी बादलीत हात घातले. साहेब भला माणूस. म्हणाले, "अजून पंधरा दिवस देतो. बिनखळीचं करता येत असेल तर आणा. नाहीतर मी गिरणीचं तयार अस्तर मागवतो. त्यात घरघर थोडी जास्त येईल, पण चालून जाईल."

चार दिवसांची रजा टाकून मी गावी गेले. तात्यांना सगळं सांगितलं. ते नमुना नापास झाल्यावर रागावले नाहीत. पुढचं ऐकल्यावर रागावले.

"बिनखळीचं? नागडं?"

"व्हय."

"अगं धागा तुटंल पोरी. हातहातभर तुटंल."

"मी जोडते. मी बसते शेजारी."

"तू?" तात्या म्हणाले आणि त्यांनी माझी बोटं उलटसुलट करून बघितली. चुलती आतून म्हणाली, "पोरीनं सबूद दिलाय तिथं. करा की आवं." मग त्यांनी होकार भरला. एका अटीवर, कुणी बघता कामा नये. पडवीला त्यांनी पोत्याचा पडदा लावला. उभ्या जन्मात त्या मागाला पडदा नव्हता. गल्लीतली माणसं येता-जाता टेकून गप्पा मारायची. यावेळी ताणा गल्लीत ताणला नाही, कुंचा निघाला नाही, खळीची चूल पेटली नाही. लोक विचारायला लागले तेव्हा चुलती म्हणायची, त्यांची तब्येत बरी न्हाई.

ते तीन दिवस मी विसरणार नाही. धागा खरंच हातहातभर तुटायचा. तात्या थांबायचे, मी वाकून टोकं शोधायची, थुंकी लावून वळायची, गाठ मारायची, आणि पुढच्या दोन फेऱ्यांत शेजारचा तुटायचा. माझ्या गाठी म्हणजे गुळाचे खडे. तात्या त्या बघायचे आणि मान फिरवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला शिव्या दिल्या, त्याचं मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याशी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी बाहेर कुणीतरी पडद्यापाशी येऊन हाक मारली, "तात्या, हाय का?" आणि तात्या धोटा हातात धरून श्वास रोखून बसले. पन्नास वर्षं विणणारा माणूस लपून बसला होता. त्या क्षणी मला माझी लाज वाटली. पण मी मनात अठरा घोंगड्यांचा हिशेब करून ती बाजूला सारली.

घोंगडं निघालं ते लिबलिबीत, काठ वाकडे, मध्ये माझ्या गाठींचे फोड. तात्यांनी ते हातात न घेता पायानंच माझ्याकडं सरकवलं. "कुनी केलं म्हनून कुटं सांगू नगंस."

ते पास झालं. वजनात पास, दमटात पास, आणि खोक्यात तर माझ्या जुन्या घोंगड्यापेक्षाही सरस. साहेबांनी तीनदा मोजायला लावलं. गाठींना हात लावून म्हणाले, "ह्या अशाच ठेवा. बहुधा ह्यांचाही उपयोग होतोय." परदेशी कंपनीचा होकार आठवड्यात आला. मी कंदी पेढ्यांचा पुडा घेतला आणि पाडव्याच्या आधीचा शनिवार गाठून गावी पोचले. विट्यात एसटी चहाला थांबली तेव्हा मी खाली उतरून ड्रायव्हरच्या मागं भुणभुण लावली.

तात्या ओट्यावर बसले होते. मी पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. अठरा घोंगडी. मग पुढची. खड्डा बुजायचा नाही. चुलतभाऊसुद्धा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग. कुट्टी मी गोठ्यात बसवतो, वायर वडून घ्यायाची."

तात्यांनी पेढा खाल्ला नाही. म्हणाले, "पैलं घोंगडं नापास. आनि ते दुसरं पास?"

"व्हय, तात्या."

"मग तुजं मशीन चुकतंय."

मी हसले. ते हसले नाहीत. ते थांबून थांबून बोलायला लागले. "माज्या बापानं मला हाणून हाणून शिकवलं. खळ न्हाई ते घोंगडं न्हवं. मी बी धा जनास्नी त्येच सांगितलं. आता म्हातारपनी तुटल्याली लक्तरं इनू? पडदा लावून? एक इनलं तुज्यासाठनं. तू सबूद दिल्तास म्हनून. अठरा न्हाई."

मी समजावलं. आधी गोडीनं, मग आवाज चढवून. माझा स्वभाव कुणाला सांगायला नको. म्हणाले, जग बदललंय. म्हणाले, घोंगडं चांगलं का वाईट ते ज्याला वापरायचं त्यानं ठरवायचं. म्हणाले, तुमचा हेका आहे. आणि शेवटी, माझ्या धंद्यात आम्ही एकमेकांची समजूत घालायला जे वाक्य वापरतो, तेच वापरलं. "आवं तात्या, ते भितीच्या आत जाणार. कुणाच्या बापाला दिसणार न्हाई."

तात्या माझ्याकडं बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

"दिसनार न्हाई म्हनून वंगाळ इनायचं व्हय?" एवढंच ते म्हणाले. मग मुलाकडं वळले. "मुरूम आन रं एक ट्रॉली. पाडव्याला बुजवू."

मला भयंकर राग आला. तात्यांचा आला, साहेबांच्या काट्याचा आला, चौदा तास निजणाऱ्या त्या शेठचा आला. मी ओट्यावर बसून ढसढसा रडले आणि ज्या खड्ड्यासाठी एवढा आटापिटा केला, तो वाचत असताना मालकच बुजवायला निघाला, हे चुलतीला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. चुलती म्हणाली, "त्येंचा खड्डा, त्येंची मर्जी. पेढं खा."

पाडव्याला गुढी उभी करून, पोळी खाऊन आम्ही कामाला लागलो. माग सोडवून तात्यांनी फणी, धोटा आणि पावड्या एका चादरीत बांधल्या आणि माळ्यावर ठेवल्या. मग चुलतभाऊ आणि मी घमेली टाकायला सुरुवात केली. दोघांनाही ते लवकर संपवायचं होतं. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं आणि मला बघवत नव्हतं. खाली दगड लोटले, वर पालापाचोळा, मातीची ढेकळं, सगळ्यावर मुरूम. तासाभरात खड्डा जमिनीच्या सपाटीला आला. चुलतभावानं वर पाणी मारून फावड्यानं गुळगुळीत केलं. छान दिसत होतं.

तात्या बाहेरून आले. मधोमध उभे राहिले आणि टाच दाबली. टाच चार बोटं आत गेली.

"काडा," ते म्हणाले.

"तात्या, वर फरशी बसवायची हाय. खालचं कोन बगतंय?" चुलतभाऊ म्हणाला. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं, पण वाक्य निघून गेलं होतं.

"काडा समदं."

आम्ही सगळं उपसलं. दगड वेगळे, पाला वेगळा. मग तात्या स्वतः खड्ड्यात उतरले. वीतभर मुरूम टाकायचा, पाणी शिंपडायचं, आणि ते पायांनी तुडवायचे. कोपरे आधी, मग मध्य. पुन्हा वीतभर मुरूम. पन्नास वर्षं त्या खड्ड्यात त्यांचे पाय पावड्या दाबत होते, आता तेच पाय मुरूम दाबत होते, आणि थरागणिक तात्या वर येत होते. आधी कमरेपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. दिवस मावळायला ते जमिनीवर आले. दुसऱ्या दिवशी फरशी बसली. चार दिवसांनी कुट्टी.

कुट्टी बसवायच्या दिवशी मी मुद्दाम थांबले होते. चुलतभावानं बटण दाबलं. कडबा आत गेला, घरात एकच खडखडाट झाला. मी कारखान्यातल्या सवयीनं, थरथर बघायला, तांब्याभर पाणी आणून यंत्राच्या पायाशी फरशीवर ठेवलं आणि वाकून बघितलं. पाण्यावर एक रेघसुद्धा उठली नाही. कारखान्यात असला पाया आम्हाला अजून जमलेला नाही.

तात्या दाराच्या चौकटीला टेकून तांब्याकडं बघत होते. कुट्टी बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, "पास का?"

"पास," मी म्हणाले, आणि मला पुन्हा रडू आलं.